नकाशेबाईंचा ढिम्म कॉम्प्युटर

नकाशेबाईंनी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही.

काहीच नाही म्हणजे अगदी काहीच नाही. पंखा फिरला नाही, दिवा लुकलुकला नाही, आतून साधं ‘टक्’सुद्धा ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. एकदा जोर लावून, एकदा हलक्या हाताने, गाढ झोपलेल्या माणसाला दचकवू नये अशा बेताने. जेवणाच्या टेबलावरचा तो काळा डबा ढिम्म हलायला तयार नव्हता.

नकाशेबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. आयुष्यभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला आणि वर्गात शिरताना काखेत गुंडाळलेला नकाशा नाही असं कधी झालं नाही. मुलांनी नाव ठेवलं, ते शिक्षकांच्या खोलीत पोचलं, तिथून गल्लीत आणि गल्लीतून घरात. यजमानही कधी लाडात आले की ‘काय नकाशेबाई?’ अशीच सुरुवात करत.

निवृत्तीनंतर बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीने त्यांना आकाशातून काढलेले ढीगभर फोटो आणून दिले. ती जमीन मोजणीच्या कामात होती. शहरामागची टेकडी, नदी आणि मधली वस्ती असं सगळं त्या फोटोंत होतं. ते एकमेकांना जोडले की चढउतार दाखवणारा उठावाचा नकाशा तयार होतो, असं ती म्हणाली आणि बाईंच्या डोक्यात किडा सोडून गेली. घरचा जुना लॅपटॉप त्या कामाला हात लावताच धापा टाकू लागला. दुकानदार म्हणाला, तयार कॉम्प्युटर घेऊन जा, उगाच डोक्याला ताप कशाला. पण बाईंना आत काय असतं ते बघायचं होतं. त्यांनी सुटे भाग मागवले, व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले, चष्मा कपाळावरून नाकावर आणि नाकावरून कपाळावर करत एकेक भाग बसवला. आणि आता हे.

“वीज आहे ना?” यजमानांनी खिडकीजवळच्या खुर्चीतून विचारलं. ते विमा कंपनीतून निवृत्त झाले होते आणि सकाळभर शब्दकोड्यात बुडलेले असत.

बाईंनी त्याच प्लगला टेबल लॅम्प लावून पाहिला. लागला.

यजमान उठले, डब्याच्या मागे गेले, वाकून म्हणाले, “इथे एक छोटं बटण आहे. ते बंद आहे.”

बाईंचा चेहरा पडला आणि लगेच उजळला. काखेत कळसा नि गावाला वळसा. त्यांनी मागचं बटण चालू केलं, पुढे येऊन पुढचं दाबलं. डबा तसाच.

“म्हणजे तो कळसा नव्हता,” यजमान म्हणाले आणि पुन्हा कोड्याकडे वळले.

बाई मात्र टेबलापाशी उभ्याच राहिल्या. एखाद्याला राग आला असता. बाईंना राग येत नव्हता, कुतूहल वाटत होतं. सगळं जिथल्या तिथे आहे, वीज दारापर्यंत आलेली आहे, मग ती आत का शिरत नाही? त्यांनी टॉर्च घेऊन आत डोकावून पाहिलं. वरच्या कोपऱ्यात, पंख्याच्या ठोकळ्यामागे, काहीच दिसत नव्हतं. डोकं आत घालायला जागा नव्हती. इथे एखादा छोटासा आरसा हवा होता. तोंडात घालून दात बघतात तसला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “भाऊजींना बोलावू का?”

यजमानांची पेन्सिल थांबली. भाऊजी म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, बापू. दातांचा डॉक्टर. या वर्षी त्याने दवाखान्याला कुलूप लावलं होतं. उजवा हात थरथरायला लागला होता आणि थरथरत्या हाताने कुणाच्या तोंडात यंत्र घालणार? तेव्हापासून तो घरात बसून होता. बापूची बायको फोनवर बाईंना म्हणायची, “ताई, कशातच लक्ष नाही हो यांचं. पेपर उघडतात, एकाच पानावर बसून राहतात.”

“बोलाव,” यजमान म्हणाले. “पण हाताचा विषय काढू नकोस.”

बापू आला तो इस्त्रीच्या शर्टात आणि दोन्ही हात खिशात घालून. बाईंनी सांगितलं होतं म्हणून कापडात गुंडाळलेले दोनतीन लहान आरसे आणि कपाळाला लावायचा दिवा त्याने आणला होता. गुंडाळी टेबलावर ठेवून हात परत खिशात गेले.

“तुम्हीच धरा, वहिनी. मी नुसता बघतो.”

“बघायलाच बोलावलंय तुम्हाला.”

तो वाकला. मग म्हणाला, “आधी कधी चाललंय का हे?”

“कधीच नाही. आजच जन्मलंय.”

“मग काही बिघडलंय असं म्हणता येत नाही. बिघडायला आधी चालावं लागतं. जे जोडायचं ते राहिलंय, नाहीतर जोडू नये ते जोडलं गेलंय.”

बाईंना हे फार आवडलं. दोन शक्यतांत त्याने अख्खा डबा बसवला होता.

“आणि एक,” बापू म्हणाला. “बटण दाबून काही होत नाही म्हणून बटणाला दोष द्यायचा नाही. माझ्याकडे माणूस यायचा, वरच्या दाढेवर बोट ठेवून सांगायचा, ही ठणकते. वरची ठणठणीत असायची. कीड खालच्या दाढेत.”

“असं कसं होतं?”

“दोन्हीकडच्या शिरा पुढे एकाच मोठ्या शिरेला मिळतात. निरोप पोचतो, पण कुठून निघाला ते मेंदूला नीट कळत नाही.”

“म्हणजे टपाल येतं, पण पाठवणाऱ्याचा पत्ता पुसलेला.”

“अगदी तसं.” त्याने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. “दिवा लावा कपाळाला. आरसा तिरका धरा. अजून थोडा. आता काय दिसतं?”

बाईंना आरशात पंख्याच्या ठोकळ्यामागचा अंधारा कोपरा उजळलेला दिसला. तिथे प्रोसेसरला वीज देणारा प्लग होता. त्यांनीच बसवलेला. आणि त्याच्या कडेचा चाप कडीत अडकलेलाच नव्हता, अधांतरी होता.

“अर्धवट बसलाय,” त्या जवळजवळ कुजबुजल्या.

बापूनेही वाकून पाहिलं. “मिळाली कीड.”

बाईंनी बोटाने दाबलं. कट् असा छान आवाज झाला. यजमान शब्दकोडं बाजूला ठेवून उठून आले. तिघं टेबलाभोवती उभे राहिले, बाईंनी साडीला हात पुसून बटण दाबलं.

ढिम्म.

मग बापू हसला. मोठ्याने नव्हे, नाकातल्या नाकात. पण यजमानांनी ते ऐकलं आणि बायकोकडे पाहिलं.

“बरं झालं,” बापू म्हणाला. “इतक्यात सुटलं असतं तर काय मजा. आता जरा शिस्तीत जाऊ. जे चांगलं आहे ते आधी बाजूला काढायचं.”

मग खरं काम सुरू झालं. पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन सगळ्यांना वाटणारा तो जड ठोकळा, मेलेला तर नाही ना, हे पाहायचं होतं. बाईंनी व्हिडिओत एक युक्ती पाहिली होती. ठोकळ्याच्या सगळ्या केबल सोडवल्या, भिंतीतला प्लग काढला, कागदांना लावायची एक क्लिप सरळ करून वाकवली आणि जाड केबलच्या टोकाशी हिरव्या वायरीचं भोक शेजारच्या काळ्या वायरीच्या भोकाला जोडून दिलं. मग प्लग लावून मागचं बटण दाबलं. ठोकळ्याचा पंखा घूं करून फिरायला लागला.

“काळीज शाबूत आहे,” बापू म्हणाला.

ठोकळा संशयातून सुटला. आता बटण. केबल पुन्हा होत्या तशा जोडल्या. पुढच्या बटणाच्या बारीक वायरी मदरबोर्डवरच्या, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मोठ्या पाटीवरच्या, दोन पिनांना जोडलेल्या होत्या. त्या काढून टाकायच्या आणि पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं. टोकाने बटणाचं काम करायचं. बाईंनी टेकवलं. काही नाही. म्हणजे बटणही निर्दोष. ग्राफिक्स कार्ड काढून पाहिलं, मेमरीची एक पट्टी काढून पाहिली, मग ती लावून दुसरी काढून पाहिली. डबा हूं की चूं करेना.

पण गंमत अशी की कुणीच कंटाळलं नाही. मध्ये चहा झाला, तो यजमानांनी केला. बापूचे हात कधी खिशातून बाहेर आले ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तो बोट दाखवत होता, वायर बाजूला धरत होता, ‘ही पट्टी नेमकं काय करते?’ म्हणून विचारत होता, आणि बाई सांगत होत्या. जे त्यांना ठाऊक नव्हतं ते दोघं मिळून पुस्तिकेत शोधत होते.

“आता एकच राहिलं,” शेवटी बाई म्हणाल्या. “अख्खा बोर्ड डब्याबाहेर काढायचा. उघड्यावर चालतो का बघायचं.”

“दात काढून टेबलावर ठेवल्यासारखं.”

“तुम्हाला दुसरी उपमाच सुचत नाही का हो?”

“तुम्हाला तरी टपालाखेरीज कुठे सुचली,” बापू म्हणाला.

बोर्ड ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला होता त्याच खोक्यावर बाईंनी तो अलगद ठेवला. लागतील तेवढ्याच केबल जोडल्या. मग स्क्रू ड्रायव्हर बापूपुढे धरला.

“तुम्ही टेकवा. मला पंख्याकडे लक्ष ठेवायचंय.”

हे त्यांनी मुद्दाम केलं की ओघात झालं, ते पुढे त्यांनाही सांगता आलं नसतं. यजमानांनी नजर खाली वळवली. बापूने थोडा वेळ स्क्रू ड्रायव्हरकडे पाहिलं आणि तो घेतला. हात थरथरत होता. टोक पिनांच्या वर माशीसारखं घिरट्या घालत होतं. शेवटी टेकलं.

पंखा फिरला. बाईंच्या तोंडून “फिरला” निघेपर्यंत थांबलाही.

“पुन्हा,” त्या म्हणाल्या.

पुन्हा टेकलं. पुन्हा पंख्याने झटका घेतला, अर्धवट वळला आणि थांबला.

“म्हणजे जीव आहे, पण टिकत नाही,” बाई विचारात पडल्या. “वीज कमी पडते की काय? की प्रोसेसर तापून लगेच बंद होतोय? पण इतक्यात कसा तापेल?”

बापू पिनांकडे बघत होता, मग आपल्या हाताकडे, मग परत पिनांकडे.

“वहिनी,” तो हळूच म्हणाला, “बोर्ड बरोबर आहे. या पिना म्हणजे बटण. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. माझा हात एकदा टेकतच नाही. दोनदा टेकतो.”

इतक्या महिन्यांत या घरात ज्या गोष्टीचं नाव कुणी काढलं नव्हतं, ती टेबलावर बोर्डाशेजारी येऊन पडली होती. आणि मग बापूच हसला, आणि या खेपेला चांगला खदखदून. “चालू करतोय मीच, बंद करतोय मीच, आणि तुम्ही बिचाऱ्या प्रोसेसरवर आळ घेताय.”

यजमानही हसले. डोळे पुसायला त्यांना चष्मा काढावा लागला.

“द्या इकडे, मी टेकवते,” बाई म्हणाल्या.

“थांबा. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात, हात अधांतरी ठेवायचा नाही. करंगळीशेजारचं बोट आधी शेजारच्या दातावर टेकवायचं, मग काम करायचं.” त्याने ते बोट पुठ्ठ्याच्या काठावर रोवलं, मनगट खाली घेतलं. टोक अजून हलत होतं, पण थोडं. टेकवलं आणि चटकन उचललं.

पंखा फिरला, आणि फिरत राहिला. बोर्डाच्या कडेला एक पांढरा दिवा लागला. तिघंही त्या फिरत्या पंख्याकडे बघत बसले, जणू तो काही सांगणार आहे.

“पण मग,” बाईंनीच भानावर येत विचारलं, “डब्यात का नाही चालत?”

हाच खरा प्रश्न होता. तोच बोर्ड, तीच वीज. पुठ्ठ्यावर जिवंत, डब्यात मेलेला. म्हणजे खोट डब्यात. बाईंनी रिकामा डबा आडवा करून उजेडात आणला. आतल्या पत्र्यावर छोट्या पितळी खुंट्या उभ्या होत्या. बोर्ड त्यांच्यावर टेकतो, म्हणजे त्याची पाठ पत्र्याला लागत नाही. बोर्डाला जिथे भोकं असतात तिथेच खुंट्या असायला हव्यात.

“तुम्ही लावल्यात का या?” बापूने विचारलं.

“काही मी लावल्या. काही कारखान्यातूनच लावलेल्या आल्या होत्या. मला वाटलं, त्यांनी लावल्यात तर बरोबरच असणार.”

त्या उठल्या, कपाटातून ट्रेसिंग पेपर घेऊन आल्या. शाळेत नदीवर नदी आणि सीमेवर सीमा जुळवायला हाच कागद वापरत. बोर्ड बंद करून त्यांनी तो उभा केला, कागद त्याच्या सपाट पाठीला लावला, प्रत्येक भोकावर पेन्सिलीने गोल काढला. मग तो कागद उलटा करून डब्यातल्या पत्र्यावर नेऊन ठेवला. खुंटीवर गोल, खुंटीवर गोल. सगळे जुळले. पण खालच्या बाजूला, मधोमध, कागद थोडा वर उचलला जात होता. त्याखाली एक खुंटी होती आणि तिच्यावर गोल नव्हता.

“जोडू नये ते जोडलेलं,” बाई म्हणाल्या.

बापूने आरसा उचलला, बोर्डाची पाठ पाहिली. नेमक्या त्या जागी सोल्डरने डाग दिलेल्या बारीक टोकांची ओळ होती. बोर्ड डब्यात बसवला की ती खुंटी तिथे रुतायची, वीज भलत्या वाटेने पत्र्यात जायची, आणि पॉवर सप्लाय शहाण्यासारखा स्वतःला वाचवून गप्प बसायचा. दुसऱ्या मापाच्या बोर्डासाठी कुणीतरी आधीच ती लावून ठेवली होती.

“म्हणजे तो बिघडला नव्हताच,” यजमान म्हणाले. “घाबरला होता.”

बाईंनी पक्कड घेतली आणि खुंटी फिरवून काढली. परत सगळं बसवायचं होतं. बाई स्क्रू आवळत होत्या, बापू एकेक काढून देत होता. आता विषय निघालेलाच होता, तेव्हा त्यांनी वर न बघताच विचारलं, “हात कुणाला दाखवलात?”

यजमान खाकरले.

“दाखवायचं काय त्यात,” बापू म्हणाला. “काय आहे ते मला कळतं.”

“कसं?”

“लक्षणं दिसतात ना, वहिनी.”

“वरची दाढ ठणकतेय म्हणून सांगणाऱ्यालाही दिसतच असतात.”

बापूने पुढचा स्क्रू त्यांच्या हातावर ठेवला. बाईंनीही ताणलं नाही.

शेवटी डब्याचं झाकण न लावताच त्यांनी बटण दाबलं. या खेपेला तिघं उभे राहिले नाहीत, कुणी श्वासही रोखला नाही. पंखे फिरले, दिवा लागला, आणि थोड्या वेळाने स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटली. बाईंनी मोठ्याने वाचली. चालू करण्याजोगं काहीही सापडत नाही, असं तो सांगत होता.

“हे काय आता?” यजमान म्हणाले.

“बरोबर आहे. त्याला अजून काही शिकवलंच नाही ना.”

बापूने खुर्ची पुढे ओढली. “मग कसं शिकवतात?”

त्या संध्याकाळी बापूच्या बायकोचा दोनदा फोन आला. दुसऱ्या वेळी यजमान म्हणाले, “इथेच जेवणार तो. मी सांगितलं म्हणून नाही, त्यालाच जायचं नाहीये.”

पुढच्या आठवड्यात बापू एका मोठ्या डॉक्टरकडे गेला. कुणाला सांगून गेला नाही, आल्यावर सांगितलं. त्याला ज्याची धास्ती होती तो कंपवात नव्हता. दुसरीच, त्यामानाने साधी थरथर होती. पूर्ण जाणारी नव्हे, पण गोळीने कमी होणारी. दात कोरायचं काम मात्र आता नाही, हे डॉक्टरने स्पष्ट सांगितलं आणि बापूनेही वाद घातला नाही. दवाखाना त्याने एका तरुण डॉक्टरीणबाईंना चालवायला दिला. अवघड रोगी आला की त्या बापूला बोलावून घेत. तो हात मागे बांधून उभा राही आणि ‘आधी काय झालं ते विचारा’ म्हणे.

आणि आठवड्यातून एकदोनदा सकाळी तो वहिनींकडे येई. फोटो एकमेकांना जोडण्याचं काम कॉम्प्युटर तासन्‌तास करत बसे आणि हे दोघं त्याच्यासमोर चहा घेऊन बसत. एका सकाळी नकाशा पहिल्यांदा पूर्ण उमटला. टेकडी तपकिरी, नदीकाठ हिरवा, मधली वस्ती फिकट. बाईंनी तो फिरवला, तिरका केला, उतारावर उजेड एका बाजूने पडेल असं केलं.

“ही रेघ कसली?” बापूने विचारलं.

टेकडीपासून नदीपर्यंत, घरांच्या आणि रस्त्यांच्या मधून, एक पुसट खोलगट पट्टी नागमोडी गेलेली दिसत होती. वरून नुसतं पाहिलं तर दिसली नसती. उजेड तिरका पडला म्हणून उठून आली.

“ओढा असावा,” बाई म्हणाल्या. “जुना. कधीतरी बुजवला असेल, वर घरं झाली. पण जमीन अजून तेवढी बसलेली आहे.”

“मग ती जागा रस्त्यावर गेलो तर कळेल?”

बाईंनी विचार केला. इतकी वर्षं त्या याच रस्त्यांवरून शाळेत गेल्या होत्या आणि कुठे चढ कुठे उतार हे त्यांनी कधी पायांना विचारलं नव्हतं. “कळायला हवं,” त्या म्हणाल्या. “बहुतेक बेकरीच्या पुढे. तिथे पाणी साचतं नेहमी.”

“चला की मग.”

“आत्ता?”

बापू उठून चपला घालतही होता. यजमानांनी खुर्चीतून विचारलं, कुठे निघालात. बाईंनी ओढा शोधायला असं सांगितलं, तेव्हा ते शब्दकोडं बाजूला ठेवून म्हणाले, “थांबा, मीही येतो.”

बेकरीच्या पुढे तिघं रस्त्याच्या कडेला थांबले. रस्ता तसा सपाटच दिसत होता. बापू खाली बसला, गाल जवळजवळ जमिनीला लावून त्याने डांबराच्या पातळीने नजर टाकली. येणारे-जाणारे बघत होते.

“आहे,” तो म्हणाला. “वहिनी, इथून बघा. चांगला खोल आहे.”

नकाशेबाईंनी पदर खोचला आणि त्याही खाली बसल्या.